अकरावीचं गणित: कोणत्या ओळीवर अडलं?

"मॅडम, क्लासमध्ये तर समजते, पण घरी जमूनच नाही राहिलं."

पहिली युनिट टेस्ट झाली की दरवर्षी हे वाक्य माझ्या कानावर येतं. बोलणारं लेकरू दरवेळी वेगळं असतं. कोणी धरमपेठेतलं, कोणी नंदनवनातलं, कोणी काटोल किंवा उमरेडहून येऊन खोली करून राहिलेलं. दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण, आणि अकरावीच्या पहिल्याच परीक्षेत २५ पैकी ७. चेहरा पडलेला असतो. आपण आजवर हुशार समजले गेलो ते चुकूनच, असं त्याला वाटू लागलेलं असतं.

मी विचारते, "कोणत्या ओळीवर अडलं?" उत्तर येतं, "पूर्ण लिमिट्सच नाही येत." या उत्तरावर मी काहीच करू शकत नाही. पण "तिसऱ्या ओळीत रॅशनलाइज का केलं ते कळलं नाही" असं कोणी म्हणालं, तर दोन मिनिटांत त्याचं काम होतं. नागपुरातल्या ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवून माझी खात्री झाली आहे की अकरावीत तरणारी आणि बुडणारी मुलं हुशारीत फार वेगळी नसतात. तरणाऱ्याला आपली अडलेली ओळ दाखवता येते, एवढाच फरक. त्या ओळीपर्यंत कसं पोचायचं, ते पुढे सांगते.

उडी केवढी आहे, ते आधी बघा

दहावीला बीजगणिताची ६ आणि भूमितीची ७ अशी १३ प्रकरणं होती. त्रिकोणमितीचं त्यातलं एक. बालभारतीच्या ज्या पुस्तकांवरून मी अकरावी शिकवत आले, त्यांच्या दोन भागांत प्रत्येकी ९, म्हणजे १८ प्रकरणं आहेत. त्यांतली पहिली तीन कोनाची आणि त्रिकोणमितीचीच. वर्ष मात्र लहान असतं. प्रवेशाच्या फेऱ्या संपून वर्ग रुळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो.

आणखी एक बदल पुस्तक चाळून दिसत नाही. दहावीत उदाहरण वाचलं की कोणती रीत लावायची ते लगेच कळायचं. इथे रीत आधी शोधावी लागते. म्हणून पहिले दोन महिने चाचपडण्यात जातात आणि ते साहजिक आहे. त्या दोन महिन्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नका.

पहिले दहा दिवस जुनी भोकं बुजवा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी तपासलेल्या वह्यांत नव्या प्रकरणाच्या चुकीपेक्षा नववी-दहावीची चूक कितीतरी जास्त वेळा सापडते. कंसाबाहेरचं वजा चिन्ह आत नेताना दुसऱ्या पदाला लावायचं राहून जातं आणि पुढचं पानभर गणित वाया जातं. मुलाला वाटतं, आपल्याला सर्कल, म्हणजे वर्तुळाचं प्रकरण, येत नाही. सर्कल त्याला येत असतं.

कोरा कागद घ्या आणि स्वतःला हे विचारा.

एक्स वर्ग बरोबर ५ एक्स. एक्स किती? दोन्ही बाजूंचा एक्स खोडून "५" लिहिलं असेल, तर शून्य हे दुसरं उत्तर हरवलं. ज्याची किंमत शून्य असू शकते त्याने भागायचं नसतं, हा नियम पुढे त्रिकोणमितीची समीकरणं सोडवताना रोज लागतो.

९ अधिक १६ चं वर्गमूळ किती? ५. तीन आणि चार मिळवून ७ नाही. आकड्यांत ही चूक कोणी करत नाही, पण त्यांच्या जागी अक्षरं आली की वर्गमूळ सर्रास बेरजेवर वाटून टाकतात.

एक छेद एक्स अधिक एक छेद वाय? अंशात एक्स अधिक वाय, छेदात एक्स गुणिले वाय. "दोन छेद एक्स अधिक वाय" हे उत्तर मी दरवर्षी बघते. पटत नसेल तर दोन्हींच्या जागी २ घाला. अर्धा अधिक अर्धा म्हणजे १, आणि त्या चुकीच्या उत्तराने येतो अर्धा.

दोनाचा तिसरा घात अधिक दोनाचा चौथा घात किती? ८ अधिक १६, म्हणजे २४. घातांकांची बेरीज गुणाकारात होते, बेरजेत नाही.

आणि वर्गसमीकरणाचे अवयव. साधं समीकरण मिनिटाभरात सुटलं पाहिजे. पाच मिनिटं लागत असतील, तर नव्या प्रकरणातलं प्रत्येक उदाहरण तुम्हाला पाच मिनिटांनी जड जाणार.

यातलं जे हुकलं, तेवढंच नववी-दहावीच्या पुस्तकातून काढा आणि रोज अर्धा तास, दहा दिवस सोडवा. पुस्तकं रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. अकरावीत जाऊन नववीचं पुस्तक उघडायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. ते उघडाच.

मराठी शाळेतून आलेल्यांसाठी

मी स्वतः मराठी शाळेतून आले. सर वर्गात "रूट्स" म्हणायचे, तेव्हा ती आपल्या ओळखीची वर्गसमीकरणाची मुळं आहेत हे कळायला मला आठवडा लागला होता. गणित येत होतं, शब्द येत नव्हते. आता सेमीच्या मुलांना हा त्रास कमी होतो, पण पूर्ण मराठी माध्यमातून सायन्सला येणारी मुलं आजही माझ्या वर्गात असतात आणि ती गप्प बसतात.

वहीची शेवटची चार पानं शब्दांसाठी ठेवा. निश्चयक म्हणजे डिटरमिनंट, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, संभाव्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी, अंकगणिती श्रेढी म्हणजे एपी. हे शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. खरी फसगत साध्या इंग्रजी शब्दांत होते. "ॲट लीस्ट टू" म्हणजे दोन किंवा त्याहून जास्त, "ॲट मोस्ट टू" म्हणजे दोन किंवा त्याहून कमी, त्यात शून्यही आला. "रिस्पेक्टिव्हली" म्हणजे ज्या क्रमाने नावं दिली त्याच क्रमाने. एवढ्या तीन शब्दांपायी प्रोबॅबिलिटीतले गुण जाताना मी पाहिलेत. विचार मराठीतच करा, त्यात काही कमीपणा नाही. उदाहरण वाचलं की काय दिलंय आणि काय काढायचंय ते मराठीत मोठ्याने म्हणा, मग इंग्रजीत लिहा.

वर्गात

फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याच्या नादात ऐकणं राहून जातं. सोडवलेली उदाहरणं पुस्तकात असतातच. सर किंवा मॅडम जे तोंडाने सांगतात आणि फळ्यावर लिहीत नाहीत, ते समासात टिपा: "इथे असं का केलं". कळलं नाही त्या ओळीसमोर पेन्सिलने फुली मारा आणि पुढे ऐका. त्या फुलीवर तिथेच अडून बसलात तर पुढची दहा मिनिटंही जातील.

त्याच दिवशी घरी, उत्तर झाकून

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

वर्गात समजलेलं घरी जमत नाही, याचं कारण साधं आहे. दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना पुढची ओळ कोणती घ्यायची हा निर्णय आपण घेत नाही. वाचून मान हलवायला काहीच लागत नाही. परीक्षेत तोच निर्णय घ्यायचा असतो आणि त्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

म्हणून वर्गात झालेलं सोडवलेलं उदाहरण घ्या, प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरावर पुठ्ठा ठेवा. एक घेऊन बघू. एक्स अधिक ४ चं वर्गमूळ, त्यातून २ वजा, सगळ्याला एक्सने भागलेलं. एक्स शून्याकडे जातो तेव्हा लिमिट किती?

पहिली ओळ: एक्सच्या जागी शून्य घालून बघा. वर शून्य, खाली शून्य. म्हणजे थेट किंमत घालून चालणार नाही. इथवर बहुतेक जण येतात.

आता पेन थांबतं. इथेच थांबून दोन मिनिटं उदाहरणाकडे बघा. त्रास कोण देतंय? छेदातला एक्स. तो जायला अंशातूनही एक्स बाहेर यायला हवा, आणि अंशातला एक्स वर्गमुळात अडकलाय. वर्गमूळ घालवायचं तर वर्ग हवा. दोन पदांच्या वजाबाकीला त्याच पदांच्या बेरजेने गुणलं की वर्गांची वजाबाकी मिळते, हे शाळेपासून माहीत आहे. म्हणून अंश आणि छेद दोन्हींना "वर्गमूळ अधिक २" ने गुणायचं. यालाच रॅशनलाइज करणं म्हणतात. अंशात एक्स अधिक ४ वजा ४, म्हणजे नुसता एक्स उरतो. एक्स शून्याकडे जातोय, पण शून्य नाही, म्हणून तो खोडता येतो. उरलं एक छेद "वर्गमूळ अधिक २". आता शून्य घाला. उत्तर एक छेद ४.

मधली ओळ सुचली नाही, तर पुठ्ठा फक्त एका ओळीने खाली सरकवा. ती वाचा, पुन्हा झाका, आणि पुढचं स्वतः लिहा. जिथे सरकवावा लागला तिथे वहीत ठळक फुली मारा. हीच तुमची अडलेली ओळ. तिच्याशेजारी एका वाक्यात कारण लिहा: "वर्गमुळात अडकलेला एक्स मोकळा करायला." नुसतं "रॅशनलाइज केलं" असं लिहू नका, ते कारण नाही. तीन दिवसांनी तेच उदाहरण पुठ्ठा न सरकवता सुटतं का बघा.

नंतर कॅल्क्युलेटर घेऊन एक्सच्या जागी ०.१ घाला, ०.२४८५ च्या आसपास येईल. ०.०१ घातलं तर ०.२४९८. आकडे पाव या उत्तराकडे सरकताना डोळ्यांनी दिसले की लिमिट म्हणजे काय ते मग समजावून सांगावं लागत नाही.

अशी चार उदाहरणं तासभरात होतात. नुसती वाचून तासात वीस होतील. तरी चारच करा.

अडल्यावर किती वेळ झटायचं

वीस मिनिटं. त्यात काय दिलंय ते लिहून झालं पाहिजे, आकृती निघत असेल तर काढून झाली पाहिजे आणि निदान एक वाट चालून बघितलेली असली पाहिजे. तरीही सुटलं नाही तर पान दुमडून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. बरीच गणितं सकाळी सुटतात. नाही सुटलं तर विचारायला जा, पण वही घेऊन जा. "मॅडम, इथपर्यंत मी आलो, पुढे हे करून बघितलं, पण हे असं आलं," एवढं म्हणा. असं विचारणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत परत पाठवणारा शिक्षक मी तरी पाहिला नाही. चाळीस जणांसमोर हात वर करायची भीती वाटत असेल तर तास संपल्यावर दारात गाठा.

सूत्रं

त्रिकोणमितीच्या सूत्रांची यादी भिंतीवर चिकटवलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. चार दिवसांनी तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यापेक्षा थोडी पक्की ठेवा आणि उरलेली त्यांतून काढायला शिका. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १, याला कॉस वर्गाने भागा, टॅन आणि सेकचं सूत्र आलं. कॉस ए अधिक बी चं सूत्र येत असेल तर बी च्या जागी ए घाला, कॉस टू ए मिळालं, आणि साइन वर्गाच्या सूत्राने त्याची आणखी दोन रूपं. दर रविवारी कोऱ्या कागदावर ही सगळी साखळी वही न बघता लिहायची. पहिल्या रविवारी पाऊण तास लागेल. दिवाळीपर्यंत दहा मिनिटांवर येईल.

सूत्राबद्दल शंका आली तर ३० अंश घालून तपासा. साइन ए अधिक बी म्हणजे साइन ए अधिक साइन बी असेल का? दोन्ही ३० घ्या. बेरीज येते १, आणि साइन ६० असतो ०.८६६. म्हणजे नाही.

रेडियनशी लवकर मैत्री करा. १८० अंश म्हणजे पाय रेडियन, आणि एक रेडियन सुमारे ५७.३ अंश. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस येतं ते कोन रेडियनमध्ये असेल तरच. म्हणून हे पहिलं प्रकरण "सोपं आहे" म्हणून उडवू नका.

पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनला मात्र सूत्राने सुरुवात करूच नका. तिथे आधी हाताने मोजायचं. नागपूर हा शब्द इंग्रजीत लिहिला तर सहा वेगवेगळी अक्षरं होतात, त्यांच्या मांडण्या ७२०. त्यातले दोन स्वर शेजारी हवे असतील तर दोघांची एक गाठोडी बांधा. आता पाच वस्तू, १२० मांडण्या, आणि गाठोडीत स्वरांची अदलाबदल दोन प्रकारे, म्हणून २४०. स्वर शेजारी नको असतील तर ७२० वजा २४०, म्हणजे ४८०. हे एकदा तीन अक्षरांच्या शब्दावर सगळ्या मांडण्या लिहून काढून पटवून घेतलं, तर एनपीआर (मांडणी) की एनसीआर (निवड) हा रोजचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

कॉलेज, क्लास आणि उरलेला वेळ

नागपुरात अकरावी म्हटली की क्लास आलाच. कॉलेजात एक प्रकरण, क्लासमध्ये दुसरं, वर टेस्ट सिरीज. क्लास लावावा की नाही ते घरच्यांनी ठरवावं. मी एवढंच सांगते की एका कागदावर आठवड्याचे तास मांडा. शिकवलं जाताना बसलेले तास एका बाजूला आणि स्वतः पेन चालवलेले तास दुसऱ्या बाजूला. गणितासाठी दुसरी बाजू रोज दीड तासाच्या खाली गेली, तर कितीही चांगला क्लास असला तरी उपयोग नाही. तिथे एखादी बॅच किंवा टेस्ट कमी करा, झोप कमी करू नका. मेट्रोने बर्डीला गाडी बदलून जाणारी मुलं प्रवासात नवी गणितं सोडवायला बघतात, ते जमत नाही. तो वेळ सूत्रांच्या साखळीला किंवा नुसता खिडकीबाहेर बघायला ठेवा.

पुस्तकं वाढवू नका. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण स्वतः सुटल्यावरच दुसरं जाडजूड पुस्तक उघडा.

परीक्षांचा हिशोबही आत्ताच समजून घ्या. बारावी बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. तिथे पायऱ्यांना गुण असतात. सीईटीच्या सध्याच्या पद्धतीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, आणि साधारण २० टक्के भाग अकरावीवर असतो. जेईई मेनला बरोबर उत्तराचे ४, आणि चुकलं की १ वजा. म्हणजे एकाच गणिताची दोन वळणं अंगी बाणायची आहेत. अकरावीत आधी सविस्तर लिहून सोडवण्याचं वळण पक्कं करा. वेग नंतर त्यावर चढतो. नुसते पर्याय बघून सोडवण्याची सवय आधी लागलेल्या मुलांना मी बारावीत चार ओळी लिहिताना अडखळताना पाहिलंय.

पेपर परत मिळाला की

गुण बघून पेपर दप्तरात कोंबू नका. त्याच संध्याकाळी प्रत्येक गेलेल्या गुणासमोर एक अक्षर लिहा. "क" म्हणजे कल्पनाच कळली नव्हती. "र" म्हणजे रीत सुचली नाही, पण बघितल्यावर कळली. "ह" म्हणजे हिशोब किंवा चिन्ह चुकलं. मग मोजा. "ह" जास्त असतील तर वर सांगितलेले दहा दिवस पुन्हा करा, आणि प्रत्येक ओळीत एकच बदल करायचं स्वतःला बंधन घाला. "र" जास्त असतील तर पुठ्ठ्याचं काम कमी पडतंय. "क" जास्त असतील तर त्या प्रकरणापुरतं शिक्षकांकडे जा. मागच्या वर्षी एका मुलीचे २५ पैकी ९ होते. गेलेल्या १६ गुणांपैकी ११ "ह" निघाले. सहा आठवडे ती गणित सोपं करून घ्यायला आली होती, आणि तिला फक्त चिन्हं सांभाळायची होती.

आई-बाबांसाठी

पहिल्या चाचणीचे गुण शेजारच्या घरातल्या गुणांशी ताडून बघू नका. "किती मिळाले" याऐवजी "आज कोणती ओळ अडली" असं विचारून बघा. गणित तुम्हाला येत नसलं तरी चालेल. लेकराने ती ओळ तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला की अर्धी तिथेच सुटते. आणि जेवण तुटलं, झोप उडाली, बोलणंच बंद झालं, तर तो गणिताचा प्रश्न राहिलेला नाही असं समजा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे फोन करता येतो. मुलांनो, तुम्हालाही करता येतो, कोणाची परवानगी लागत नाही.

गणित सोडावं का, हेही विचारलं जातं. मेडिकलला जायचं नक्की असेल तर नीटला गणित नाही, आणि जीवशास्त्रासोबत गणित ठेवून ओढाताण करण्यात मला अर्थ वाटत नाही. इंजिनिअरिंगकडे ओढा असेल, तर मात्र पहिल्या चाचणीवरून सोडू नका. सहामाहीपर्यंत वरचं सगळं मनापासून करा आणि मग ठरवा. विषय कधीपर्यंत बदलता येतो, ते कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवा.

अकरावीनंतरचा उन्हाळा

अकरावीची परीक्षा संपते तेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडत असतो, मे महिन्यात तो ४५ च्या घरात जातो. दुपारी कूलरसमोर बसूनही डोकं चालत नाही, तेव्हा दुपारचं वेळापत्रक करूच नका. पहाटे साडेपाच ते आठ हा वेळ घ्या. बारावीच्या पुस्तकांत १५ प्रकरणं आहेत, आणि त्यांतली बरीच अकरावीच्या पाच-सहा प्रकरणांवर उभी आहेत. आधी त्रिकोणमिती, आठ दिवस. मग सरळ रेषा, पाच दिवस. डिटरमिनंट आणि मॅट्रिक्सला चार. फंक्शन्स आणि लिमिट्सला आठ. डिफरन्शिएशनला पाच. साधारण महिना झाला. नवी उदाहरणं शोधू नका. वर्षभराच्या वहीत जिथे जिथे फुल्या मारल्यात, तेवढीच उदाहरणं पुठ्ठा ठेवून पुन्हा सोडवा, आणि जे सुटलं त्याची फुली खोडून टाका.